कोरड्या घरातला वास

१

तालोसांगा गेली त्याच दिवशी तिच्या घरातून एक चटई नाहीशी झाली. पाच आठवड्यांनी तिची नात आजारी पडली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि माझं तर कामच ते आहे.

माझं नाव फुआतिनो. पोरिरुआ शहरात लोकांची घरं हुंगत फिरायला आता एकोणीस वर्षं झाली. आरोग्य केंद्राचं ओळखपत्र गळ्यात, हातात ओल मोजायचं यंत्र. कुठल्या भिंतीत पाणी मुरलंय, कुठल्या कपाटामागे काळं धरलंय, कुठलं मूल कशाने खोकतंय, हे शोधायचं आणि कागदावर लिहायचं. पहिली दोन-तीन वर्षं मी घरी येऊन रडायचे. मग ते थांबलं. आता मी लिहिते, सही करते, घरी जाऊन टारोचे कंद उकडते.

मंगळवारी सकाळी मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"फुआतिनो, एसेता आठवते? नऊ वर्षांची, तुमच्या रस्त्याच्या टोकाला राहते ती."

"तोमासीची नात. काय झालं?"

"दुसऱ्यांदा आलीय. ताप, खोकला, धाप. इथे ठेवली की चार दिवसांत सुधारते, घरी पाठवली की पुन्हा तेच. फुप्फुसं सुजलीयत. मला बुरशीचा संशय आहे, जुन्या, सुकलेल्या बुरशीची धूळ. शुक्रवारी दोनला तिला सोडायचंय. त्या घरात काय आहे ते तोवर सापडलं नाही, तर मी तिला तिथे पाठवणार नाही. तिची आत्या ऑकलंडला न्यायला तयार आहे. फॉर्म भरलाय, सही व्हायचीय."

"त्या घरात काही नाही," मी म्हटलं. "मेमध्ये मीच तपासलंय. घर कोरडं आहे."

"असेल," बाई म्हणाल्या. "पण मुलगी ओल घेऊन येते छातीत."

फोन ठेवल्यावर मी फाइल काढली. कोरडं, असं लिहून खाली माझीच सही होती.

२

त्या घरात चार माणसं राहतात. म्हातारा तोमासी, त्याचा मुलगा पेलेनातो, सून लेपेका आणि नात एसेता. तालोसांगा, म्हणजे तोमासीची बायको, जूनच्या शेवटी गेली. चार वर्षं पक्षाघाताने अंथरुणाला होती, शेवटी छाती भरली.

मी पोचले तेव्हा दारात पाचवंच माणूस उभं होतं. लुतिया, तोमासीची मुलगी, ऑकलंडहून आलेली. एसेताला न्यायला आली होती आणि बॅग उघडायच्या आधी भांडायला लागली होती.

"ये ये, फुआतिनो. हुंग जरा. माझी आई या घरापायी गेली, आता भाची चाललीय. आणि हिला विचार, खिडकी कधी उघडते का."

लेपेका आतून म्हणाली, "रोज उघडते. ऑगस्टची थंडी आहे, वन्सं. दिवसभर उघडी ठेवून मुलीला गारठवू का?"

"मी तुझ्याशी बोलत नाहीये."

"माझ्याबद्दल तर बोलताय ना. मग मी ऐकते."

लेपेका तुवालूची, आमच्या नाही, दुसऱ्या बेटांवरची. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी या घरात ती अजून बाहेरचीच. त्यात चटईचं प्रकरण. तालोसांगाच्या आईने विणलेली मानाची चटई, केवड्याच्या पानाचे केसाएवढे बारीक पट्टे काढून, तीन वर्षं खपून विणलेली. कापडासारखी मऊ. तालोसांगाच्या अंत्यविधीला ती चटई सगळ्यांसमोर पसरून तिच्या माहेरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती द्यायची होती. आमच्याकडे अशा चटया गादीखाली सपाट ठेवतात. गादी उचलली तर खाली काही नव्हतं. दोनशे माणसं चर्चच्या हॉलमध्ये बसलेली, आणि या घराने रिकाम्या हाताने मान खाली घातली. दोन आठवड्यांनी लेपेकाच्या बहिणीचं लग्न होतं. लुतियाने दोन अधिक दोन केले. लेपेकाने चटई आपल्या माणसांना देऊन टाकली, असं तिने हॉलमध्येच, सगळ्यांच्या देखत सांगितलं.

मी भिंती तपासल्या. पुढची खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागच्या दोन खोल्या. यंत्राचा काटा कुठेच हलेना. मेमध्ये घरमालकाने जमिनीखाली प्लास्टिक अंथरलं होतं, पंखे बसवले होते, छतात कापूस भरला होता. मालकाचा एजंट टलक हा मधेच येऊन उभा राहिला, हातात फोटोंची फाइल.

"बाई, हे घर मी सुकवलंय. माझ्याकडे तुमचीच सही आहे," तो म्हणाला.

"माहितीये."

"मग पुन्हा कशाला?"

"मुलगी खोकतेय म्हणून."

"मुलं खोकतातच थंडीत," तो म्हणाला, आणि बुटांकडे बघत राहिला.

शेवटची खोली एसेताची. आधी ती आजीची होती. दार उघडलं आणि मला वास आला. पुसट, गोडसर, बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांचा. मी चारही भिंतींना यंत्र लावलं. कोरड्या ठणठणीत. कपाटामागे, पडद्याच्या शिवणीत, खिडकीच्या चौकटीत, कुठे काळा ठिपकासुद्धा नाही. आणि वास होताच.

३

बुधवारी मी एकेकाला गाठलं. प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारते मी, उत्तरं कुठे अडखळतात ते बघते.

लेपेका मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती.

"कपडे घरात वाळवतेस?"

"पाऊस असला तर. पंखा लावून. तुम्हीच सांगितलं होतं पंखा लावायला."

"एसेता आजीच्या खोलीत कधी गेली?"

"जुलैच्या सुरुवातीला. बाबांना त्या खोलीत झोपवेना, ते बाहेर कोचावर आले. एसेता म्हणाली, मला आजीचा पलंग हवा. आम्ही दिला." तिने चिमटा लावला. "आजीचा वास येतो म्हणायची. आवडायचं तिला."

"आणि ती खोकायला कधी लागली?"

"तीन-चार आठवड्यांनी. मग हॉस्पिटल. मग घरी आली तेव्हा ठीक होती हो, आठवडाभर. बर्फाचा वारा सुटला होता, आम्ही सगळे पुढच्या खोलीत जमिनीवर गाद्या टाकून एका हीटरवर झोपत होतो. थंडी कमी झाली, ती आपल्या पलंगावर गेली. दोन रात्रींत अँब्युलन्स."

ती हे सगळं बाजारहाट सांगावी तसं सांगत होती. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "मला आता काही होत नाही, मावशी. चोर म्हणाले तेव्हा रडले. आता नाही रडू येत."

"चटई तू घेतलीस का?"

"नाही."

"मग कुणी घेतली असेल?"

"मला काय माहीत? वन्संनी माझी कपाटं उपसली, लग्नात माझ्या पर्समध्ये हात घातला. माझ्या बहिणीच्या लग्नात. सगळं घर पालथं घातलं, गादीसुद्धा अंगणात आणून झटकली. नाही सापडली."

पेलेनातो बस चालवतो. डेपोत त्याला गाठलं. तो माणूस बायको आणि बहीण यांच्यामध्ये महिनाभर उभा होता आणि चेहऱ्यावरून ते दिसत होतं.

"आई गेली तेव्हा घरी कोण होतं?"

"कुणी नाही. म्हणजे, आम्ही सगळे हॉस्पिटलात. पहाटे गेली. बाबा तेवढे घरी परत आले. म्हणाले, खोली आवरतो, माणसं येतील. आम्ही दुपारी आलो."

"तू बायकोला काय म्हणालास, चटईबद्दल?"

"काय म्हणणार? नाही म्हणते, तर नाही." त्याने किल्ली खिशात टाकली. "मी मोठ्याने नाही म्हणालो, तेवढं मात्र खरं. हॉलमध्ये बोलायला हवं होतं."

तोमासीला भेटायला मी त्याच्याच घरी गेले. तो हीटरजवळ आपल्या आरामखुर्चीत बसला होता. खुर्ची जुनी, पण कव्हर नवं, आणि शिवण कुठे आहे ते शोधावं लागेल अशी. तीस वर्षं तो मोटारींच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवत होता. चर्चमधल्या सगळ्या बाकांच्या गाद्या त्याच्याच हातच्या.

"तोमासी, चटई कशी होती रे? मी कधी पाहिली नाही."

"मऊ होती," तो म्हणाला. "कडेला लाल पिसं."

"लेपेकाने नेली असं तुला वाटतं?"

त्याने हीटरकडे पाहिलं. "लुतियाला वाटतं."

"मी तुला विचारलं."

"एसेता कशी आहे?" तो म्हणाला. "डॉक्टर काय म्हणतात?"

मी सांगितलं. धुळीचं, बुरशीचं, शुक्रवारचं, ऑकलंडचं. तो ऐकत राहिला. मी निघताना त्याने मला एवढंच विचारलं, "बुरशीने माणूस आजारी पडतं? मला वाटायचं नुसता वासच येतो."

एवढ्या दिवसांत सगळं घर चटईबद्दल बोलत होतं. त्यात तोमासीने लेपेकाला एकदाही चोर म्हटलं नव्हतं. आणि ती चोर नाही, असंही तो कधी म्हणाला नव्हता.

४

गुरुवारी सकाळी मी पुन्हा त्या खोलीत गेले. यंत्र गाडीतच ठेवलं. यंत्र भिंतीचं सांगतं, आणि भिंतीत काही नव्हतं. माझी चूक तिथेच होती. मेमध्ये मी भिंती पाहिल्या, जमीन पाहिली, छत पाहिलं. म्हातारी पलंगावर पडली होती, तिला कशाला उठवायचं म्हणून पलंगाकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

मुलगी पुढच्या खोलीत जमिनीवर झोपली तेव्हा बरी. या पलंगावर झोपली की आजारी. घर तेच, हवा तीच, आईही तीच. फरक एवढाच.

मी पलंगावर बसले. बसले तसा वास भप्पकन वर आला. उठले, पुन्हा बसले. पुन्हा आला. आता पुसट नव्हता.

मी तोंडाला मास्क लावला आणि गादी उचलली. गादी स्वच्छ होती, खालची फळीही. हा पलंग जुन्या पद्धतीचा, खोक्यासारखा. लाकडी चौकट, वरून फळ्या, खालून काळं कापड ताणून बसवलेलं. आतून पोकळ. मी लेपेकाला हाक मारली. दोघींनी मिळून खोकं भिंतीला उभं केलं.

खालचं काळं कापड तीन बाजूंनी गंजलेल्या पिनांनी ठोकलेलं होतं. चौथ्या बाजूला पिना नव्हत्या. तिथे शिवण होती. म्हणजे होती असं मला बोट फिरवल्यावर कळलं, कारण धागा दिसतच नव्हता. वाकड्या सुईने आतून घातलेले टाके, सगळे एका मापाचे, शेवटची गाठ आत ढकललेली.

लेपेका माझ्या मागे उभी होती. तिने ती शिवण पाहिली. मग दारातून दिसणाऱ्या त्या आरामखुर्चीकडे पाहिलं.

"बाहेर जा," मी म्हटलं. "दार लावून घे. आणि सगळ्यांना पुढच्या खोलीत बसव. मी कापते आता."

५

पुढच्या खोलीत चौघं बसले होते. लुतियाने कोको केला होता आणि कुणी प्यायलं नव्हतं. मी हात धुऊन आले.

"चटई सापडली," मी म्हटलं. "एसेताच्या पलंगाच्या पोटात. कचऱ्याच्या काळ्या पिशवीत गुंडाळलेली, पिशवी फाटलीय. मधोमध सगळी काळी. हात लावला की धूर उठतो. ती पोर रोज रात्री त्यावर झोपत होती. कूस बदलली की ती धूळ वर यायची."

लुतिया लेपेकाकडे वळली. "म्हणजे तू आमच्याच घरात—"

"थांब," मी म्हटलं. "चटई कुणाला द्यायची असती तर तिने ती दिली असती, पलंगात कशाला कोंबली असती? आणि ज्याने ठेवली त्याला सगळं घर पालथं घातलं जाणार हे माहीत होतं. गादीखाली बघतील, कपाटात बघतील. पलंग उलटा कुणी करत नाही. वर त्याला एवढा वेळ हवा होता की घरात दुसरं कुणी नसावं. आणि ती शिवण. पोरिरुआत तशी शिवण घालणारा एकच हात मला माहितीये. तू बसतेस त्या कोचालाही तीच आहे, लुतिया."

कुणी तोमासीकडे पाहिलं नाही. पाहण्याची गरज नव्हती.

तोमासी आपल्या हातांकडे बघत होता. तसाच बोलला, आवाज न चढवता.

"ती गेली त्या सकाळी मी गादी उचलली. म्हटलं, चटई बाहेर काढून ठेवू, हवा लागेल. उलगडली तर काळी. तिच्या आईने विणलेली. ती दर उन्हाळ्यात तिला ऊन दाखवायची. अंथरुणाला खिळली तेव्हा मला सांगायची, अहो, चटई उन्हात टाका. मी म्हणायचो, उद्या. चार वर्षं मी उद्या म्हणत होतो. घर ओलं होतं, मला माहीत होतं." त्याने श्वास घेतला. "ती तशी घेऊन दोनशे माणसांसमोर जाऊ? तिच्या भावांच्या हातात देऊ? जाळवेना. फेकवेना. म्हटलं, तिच्याच पलंगात राहू दे. नंतर बघू."

"आणि मी?" लेपेका म्हणाली.

"तू..." तो म्हणाला. "लुतियाने तुझं नाव घेतलं. मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. मग ते राहूनच गेलं."

"एसेता त्या पलंगावर गेली तेव्हा?" पेलेनातोने विचारलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज मोठा झाला होता.

"वास म्हणजे लाज, एवढंच मला माहीत होतं, बाळा. आजार असतो हे मला माहीत नव्हतं. काल कळलं. रात्रभर उघडायचं म्हणत होतो."

"पण उघडलं नाही," लेपेका म्हणाली.

"नाही."

लुतिया उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी धुतल्याचा आवाज आला नाही. फॉर्म तिच्या पर्समध्ये होता. तो तिने संध्याकाळी कचऱ्यात टाकला, पण लेपेकाशी ती बोलली नाही, आणि अजूनही बोललेली नाही.

चटई मी दोन पिशव्यांत बांधून केंद्राच्या शेडमध्ये नेली. पलंग आणि गादी टलकने ट्रकमध्ये घालून नेली, न कुरकुरता. खोली मी आणि पेलेनातोने दोनदा पुसून काढली. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग येऊ दे घरी. पण दर आठवड्याला मला दाखवायची."

६

आमच्यात एवढ्या मोठ्या अपराधाची माफी तोंडाने मागत नाहीत. ज्याचं वाईट केलं त्याच्या दारासमोर सकाळी जाऊन बसायचं, मानाची चटई डोक्यावरून पांघरून, मान खाली. आतल्या माणसाने येऊन चटई उचलली तर माफ. नाही उचलली तर बसून राहायचं.

शुक्रवारी आठ वाजता मी नवी गादी घेऊन गेले, तर तोमासी स्वतःच्याच घराच्या दारासमोर सिमेंटवर बसला होता. त्याच्याकडे चटई नव्हती. त्याने जेवणाच्या टेबलावरचा पिवळा कपडा पांघरला होता. भुरभुर पाऊस पडत होता. सासरा सुनेसमोर असा बसलेला मी जन्मात पाहिला नव्हता. समोरच्या घरातली माणसं पडद्याआडून बघत होती.

लेपेका आत भांडी घासत होती.

"जा ना," पेलेनातो म्हणाला. "भिजतायत ते."

"भांडी होऊ देत."

तिने सगळी भांडी घासली, पुसली, जागेवर ठेवली. मग बाहेर गेली. मी दारात गादीला टेकून उभी होते.

"बाबा, ऐकू येतंय?"

पिवळा कपडा हलला.

"वन्संनी माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्या पर्समध्ये हात घातला, तेव्हा तुम्ही शेजारच्या टेबलावर होतात."

"होतो."

"मी तुमच्याकडे बघितलं होतं."

"मला दिसलं होतं," तो आतून म्हणाला.

मग वाकून तिने कपडा उचलला आणि घड्या घालत बोलली. "हा मी पाऊस आहे म्हणून उचलतेय. माफी वेगळी. ती यायची तेव्हा येईल, नाही तर नाही. यांची आज ड्यूटी आहे. एसेताला आणायला गाडी तुम्ही चालवायची. आणि चटई कुठे होती ते तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार."

"ती नऊ वर्षांची आहे, लेपेका."

"छाती तिची आहे."

दोन वाजता आम्ही वॉर्डात होतो. मला कागदावर सही करायची होती म्हणून मी गेले होते. एसेता कपडे करून पलंगाच्या कडेवर बसली होती, पाय खाली सोडून. लेपेका खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तोमासीने टोपी काढली आणि सांगितलं. काही गाळलं नाही. चटई, ऊन, उद्या, पिशवी, शिवण, तिच्या आईवर आलेला आळ.

एसेताने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आधी ती आजीच्या गादीखाली होती?"

"हो."

"किती वर्षं?"

"ऊन न दाखवता, चार."

"मग आजी पण त्यानेच गेली?"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. आजीला आता कुणी तपासू शकत नव्हतं.

"मला माहीत नाही," तोमासी म्हणाला. "मला वाटतं, हो."

लेपेका खिडकीपासून हलली नाही. मला वाटलं पोर आता रडेल, किंवा आईकडे जाईल. ती थोडी बाजूला सरकली आणि पलंगावर हाताने जागा दाखवली.

"बसा, आजोबा."

तो बसेना. टोपी हातात धरून तसाच उभा राहिला, तिने त्याची बाही धरून ओढेपर्यंत.